मळ्यातलं इंटरनेट

आमच्या स्लॅबवर एक अनोळखी माणूस उभा होता आणि खुशाल कठड्याला ड्रिलनं भोक पाडत होता. मी नुकतीच डोक्यावरनं आंघोळ करून अंगणात आलेली... आणि वरनं सिमेंटची भुकटी थेट माझ्या ओल्या केसांत.

"ओ पावणं, कुणाला विचारून चाललंय हे?"

त्यानं वाकून खाली बघितलं. बघितलं ते बघतच राहिला.

"पाटलांचाच मळा न्हवं का हा?"

"कुठल्या पाटलांचा?"

"बाळासो पाटलांचा."

"त्यो ओढ्यापलीकडं. हा गणपतराव पाटलांचा. मुरगूडात कुणाच्या बी बांधावर उभं ऱ्हावा, पाटलाचाच मळा लागतोय. जरा विचारायचं तरी."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. ड्रिल पाठीमागं लपवत म्हणाला, "दोन भोकं पडली की ओ... तुम्हाला पण इंटरनेट पाहिजे असंल, तर बघा."

माझा राग तिथंच अर्धा झाला. कारण इंटरनेट मला पाहिजेच होतं, आणि सोमवारच्या आत. चार वर्षं पुण्यात विमा कंपनीत काम केलं, पीजीची पांचट आमटी गिळली, आता कुठं घरून काम करायची परवानगी मिळत होती. अट एकच. सोमवारी अकरा ते एक कंपनी माझी लाईन तपासणार. मधे एकदा जरी तुटली, तर बॅग भरायची आणि परत पुणं गाठायचं. आणि केबलवाल्यानं हात वर केलेले. त्याची केबल गावाच्या कमानीपाशी संपते, मळा तिथून दोन किलोमीटर.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. तो जिना उतरून खाली आला. नाव धैर्यशील, कोल्हापुरात वायरलेस इंटरनेटचं छोटं दुकान.

"आमचं सोपं असतंय," तो म्हणाला. "डोंगरावर टॉवर, तुमच्या गच्चीवर अँटेना. दोघांनी एकमेकांकडं सरळ बघितलं पाहिजे बघा. मधी काय आलं न्हाय पाहिजे."

सांगताना तो सरळ माझ्याकडंच बघत होता. मी आपलं उसाकडं बघितलं.

मधे आलं ते नेमकं तेच. आबांचा ऊस, माझ्या वडलांचा, बारा फुटांच्या वर गेलेला, आणि तोडणी अजून महिन्यावर. धैर्यशीलनं दुपारपर्यंत खांब उंच केला, अँटेना फिरवली, आणि लाईन आली की! मी नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात वारं सुटलं, ऊस डुलला आणि लाईन गेली. परत आली. परत गेली.

"ऊस तोडू काय आता?" आबा गोठ्यातनं गुरगुरले.

"नको नको, मी उद्या येतो," धैर्यशील म्हणाला.

रविवारी तो भल्या सकाळीच हजर. या वेळी सिमकार्डचं राऊटर घेऊन आलेला. चार कंपन्यांची सिमं त्यानं एकेक करून घातली, घरभर फिरला, सैपाकघराच्या खिडकीत रेंज सापडली तसा थांबला. मी चहा घेऊन मागं मागं. चहा तीनदा झाला, गप्पा किती झाल्या त्याचा हिशोब नाही.

"आणि ती आभाळातनं इंटरनेट घेणारी डिश?" मी विचारलं.

"उत्तम. उसाची भानगडच न्हाय. पण मागवून बसवायला चार दिवस. तुमचं तर उद्या हाय."

"मग काय घेऊ? तुमची अँटेना का हे सिमवालं?"

तो कपाची कड चाचपत बसला.

"सिमवालं घ्या. खिडकीत ठेवा, बाहेर छोटी अँटेना लावून देतो. आमचं... आमचं घेऊ नका, वर्षाराणी. ऊस उभा असेपर्यंत दगा देईल."

दुकानदार स्वतःच्याच मालाला नको म्हणतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. शनिवारी नुसता आवडला होता. आता काळजात काहीतरी हललं, खोटं कशाला बोलू. पण वाईटही वाटलं. त्याचं गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर तो कशाला परत येणार?

सोमवारी दहाला त्याची गाडी अंगणात. मी म्हटलं, "आज काय काम?"

"काय न्हाय. सहज."

पावणेअकराला वीज गेली.

पंखा थांबला, राऊटरचा दिवा विझला आणि मला रडूच फुटलं. लॅपटॉपला बॅटरी होती, राऊटरला काहीच नव्हतं. धैर्यशीलनं राऊटर उलटं करून बघितलं.

"बारा व्होल्ट. ट्रॅक्टर कुठं हाय?"

आबांनी ट्रॅक्टर धडाधडा आणून खिडकीला लावला. यानं बॅटरी उघडली, वायर दातानंच सोलली, खिडकीतनं आत घेतली. हिरवा दिवा! दहा छप्पन्न. मी हेडफोन चढवला आणि देवाचं नाव घेतलं.

दोन तास कसे गेले, मला विचारू नका. पुण्याची मॅडम प्रश्न विचारत होती, मी उत्तरं देत होते, आणि लाईन एकदाही हलली नाही. एक वाजता ती म्हणाली, "वर्षाराणी, तुम्ही घरूनच काम करा."

मी पळत बाहेर आले. धैर्यशील ट्रॅक्टरच्या कडेला तसाच वाकून, भर उन्हात, शर्ट घामानं चिंब. दोन्ही हातांच्या चिमटीत वायरी धरून बॅटरीवर दाबलेल्या.

"हे काय करताय?"

"क्लिप बसंना. हात काढला की दिवा जातोय."

"दोन तास असेच उभे हाय तुम्ही?"

"मगापासनं मी म्हणतोय, जरा मी धरतो," आबा म्हणाले. "तर सोडायला तयार न्हाय गडी."

"झालं का तुमचं?" त्यानं मला विचारलं.

"झालं. राहिले मी इथंच."

तरी त्याची बोटं सुटेनात, आखडून गेलेली. मी जवळ गेले आणि एकेक बोट हलकेच सोडवलं. आबा अचानक म्हशीकडं काम असल्यागत निघून गेले.

"एक विचारू?" तो माझ्या हातांकडं बघत म्हणाला. "आमची लाईन तुम्ही घेतली न्हाय. बिघडलं तरी आता दुसऱ्यालाच बोलावणार. मग मी परत यायचं, ते... कुठल्या कामानं?"

"काम कशाला पाहिजे?" मी म्हटलं. हात मी सोडला नाही. "मला भेटायला या. आणि आज जेवल्याशिवाय जाऊ नका."

तो हसला आणि माझ्या मागोमाग आत आला.