टोपलीचं कुलूप आणि पन्नासावा दिवस

"आबा, पिल्लं बाहेर आली! पण टोपली उघडतच नाहीये!"

किनाऱ्यावरून कस्तुरीने अशी हाक मारली, की आबा चहा टाकून धावले. कासवांची घरटी जपणं हे त्यांचं काम. घरट्यावरच्या लोखंडी टोपलीत तीसेक पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. ऊन वर येत होतं. तासाभरात वाळू तापली असती आणि ती बिचारी सुकून गेली असती.

टोपलीला कुलूप होतं. कुत्र्यांपासून आणि अंडीचोरांपासूनही अंडी जपायला. ते उघडायची ब्लॉकचेन (अनेक ठिकाणी एकसारखी प्रत असलेली, कुणालाही खोडता न येणारी वही). 'पन्नासाव्या दिवशी उघडावे' ही अट खुद्द आबांचीच.

"आज पन्नासावाच दिवस! वहीला दिसत नाही होय?" आबा चिडले.

"नाही दिसत," शेजारी उभा असलेला यंत्रमानव निरोप्या म्हणाला. "वही बंद खोलीत बसल्यासारखी असते. तिला ना वाळू दिसते, ना सूर्य. बाहेरची बातमी तिला समजेल अशी करून मी पोचवतो. म्हणून मी मिडलवेअर (दोन यंत्रणांना जोडणारा मधला दुवा). तीन गावांच्या निरोप्यांची बातमी जुळली, तरच वही ती मानते."

"मग आज काय कळवलंस?"

"एकोणपन्नास दिवस झाले."

कस्तुरी बोटं मोजू लागली. मग एकदम थांबली. "आबा, आपल्या बाळाचं बारसं बाराव्या दिवशी केलं, तेव्हा जन्माचा दिवस धरला होता ना?"

"अगो, धरायचाच! तोच पहिला."

"आणि निरोप्या, तू?"

"अंडी घातली तो दिवस मी शून्य धरला."

"म्हणजे आबाही बरोबर आणि वहीही बरोबर. चूक मध्येच झाली!"

"माझीच," निरोप्या खाली मान घालून म्हणाला.

आबांनी उरलेल्या दोन्ही गावांना फोन लावले. तिथल्या निरोप्यांनीही शून्यच धरला होता. शेवटी सगळे एकाच शाळेत शिकलेले! तिघांनी मोजणी सुधारली, 'आज पन्नासावा दिवस' असं कळवलं, आणि कुलूप खट्कन उघडलं.

पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघाली. कस्तुरीला इतका आनंद झाला, की तिचे डोळे भरून आले.

"मोठी झाली की यातलीच एखादी इथं अंडी घालायला येईल हो," आबा म्हणाले. "तेव्हा मी काही नसेन."

कस्तुरीने त्यांचा हात घट्ट धरला. "मी असेन ना, आबा. मोजेन. पहिला दिवस धरून."