पाठचा

सुमार्ताने गाडीत काचेखाली फुलांची परडी ठेवली, हात जोडले आणि डोळे उघडताच शेजारच्या दारात पाहिलं. चुलतभाऊ रंताना त्याच्यासारखाच पाहुणे फिरवणारा, तो केव्हाच निघून गेला होता. गोरे पाहुणे तर त्याच्यावर लट्टूच. सुमार्ताच्या पोटात रोजच्यासारखं दुखलं. रंतानाने सात जणांची गाडी घेतली, म्हणून यानेही घेतली. रंतानाच्या दारात गाडीला सिमेंटचा ओटा, म्हणून यानेही गेल्या आठवड्यात दाराच्या उजव्या अंगाला सिमेंट ओतून घेतलं.

त्या सिमेंटखाली एक काळा दगड गेला. दगडाखाली नारळाच्या करवंटीत सुमार्ताच्या जन्माची वार होती, छत्तीस वर्षांपूर्वी बापाने पुरलेली. बाळाबरोबर येते ती त्याचं भावंडच, हे बालीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दगडावर रोज चिमूटभर भात वाढायचा, मगच आपण जेवायचं.

"भावाच्या छातीवर सिमेंट ओतताय, ब्ली," बायको सेकार म्हणाली होती. नवऱ्याला ती बालीतल्या रीतीने ब्ली, म्हणजे दादा, म्हणे.

"मग गाडी काय तुझ्या डोक्यावर लावू?"

चाकाला भात चिकटतो म्हणून त्याने तो भातही बंद करायला लावला.

आजची पाहुणी आनेलीस, हॉलंडची, एकटीच फिरणारी. उबुदच्या हॉटेलपाशी तिने गाडीचं दार उघडलं, हसून दोनदा 'सुप्रभात' म्हणाली आणि मागे बसली.

"पुढे बसा ना मिस. फोटो छान येतात."

"नको, असू दे. मी इथेच बरी."

निघाल्याबरोबर गाडी टुंग टुंग वाजायला लागली. डावीकडे बसलेल्याने पट्टा लावला नाही, असं गाडीचं म्हणणं. डावीकडे कोणीच नव्हतं. नव्या गाडीची खोड, असं म्हणत सुमार्ताने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला. आवाज थांबला.

तीर्थ एम्पूल मंदिराच्या कुंडात माणसं ओळीने एकेका धारेखाली डोकं धरत होती. त्यातल्या दोन धारा मेलेल्यांसाठीच्या, जिवंत माणसाने त्या सोडायच्या. हे सांगितलं की पाहुणे शहारतात, हा सुमार्ताचा हुकमी एक्का. पण तो तोंड उघडायच्या आतच आनेलीस नेमक्या त्या दोन धारा सोडून पुढे गेली.

"तुमच्या भावाने सांगितलं," ती केस पुसत म्हणाली.

सुमार्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंताना! इथे येऊन माझी पाहुणी पळवतोय! त्याने फोन लावला.

"मी विमानतळावर पाटी धरून उभा आहे रे," रंताना हसला. "का? पळाली की काय तुझी पाहुणी?" त्याच्यामागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

किंतामणीला, बातूर डोंगरासमोर ती दोघं जेवायला बसली. वाढणाऱ्या बाईने न विचारता कॉफीचे तीन ग्लास ठेवले. सुमार्ता डोंगराची गोष्ट सांगू लागला. आनेलीस मान डावीकडे कलती करून ऐकत होती, आणि जिथे हसण्यासारखं काही नव्हतं तिथे खळखळून हसली. त्याचा जळफळाट झाला. जो दिसतही नव्हता, त्याचा त्याला हेवा वाटला.

"मिस, बोलतोय मी."

"हो, हो. पण तो किती गोड सांगतो! तुमचं जरा पाठ केल्यासारखं वाटतं."

"काय सांगतो?"

"तुमच्या पाठोपाठच जन्मला म्हणे. तुम्हाला पाळण्यात घातलं, त्याला दाराशी ठेवलं." तिने आवाज खाली आणला. "रागावू नका, पण तो तुमच्यावर फार जळतो. बायको तुम्हाला, गाडी तुम्हाला, पाहुणेही तुम्हालाच. आणि आठवडाभर जेवला नाहीये."

तिसरा ग्लास रिकामा होता.

परतीच्या वाटेवर सुमार्ताने मनाशी ठरवलं. घरी गेल्या गेल्या पहार घ्यायची. सिमेंट फोडायचं. दगडापुढे नाक घासायचं, पोटभर भात वाढायचा. आपलं घर आपल्याला राहू दे, एवढंच मागायचं.

हॉटेलपाशी आनेलीस उतरली आणि डावीकडच्या खिडकीशी वाकली.

"धन्यवाद, सुमार्ता. दिवसभर गाडी चालवून दमला असाल."

"मिस, मी इकडे आहे."

तिने रिकाम्या सीटकडे बघून हात हलवला आणि गेली.

सुमार्ता सुसाट निघाला. घाईत त्याने पट्टा लावला नाही. गाडी वाजली नाही.

दिवेलागणीला तो दारात उतरला. एरवी अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याने मानही वर केली नाही.

सेकार केळीच्या पानाचा तुकडा घेऊन बाहेर आली.

"सेकार, पहार कुठे आहे?"

ती त्याच्या पायांशी वाकली. सिमेंटवर पान ठेवलं. पानावर चिमूटभर भात, मीठ.

"सेकार!"

ती उठली आणि त्याच्या आरपार रस्त्याकडे बघत हात झटकू लागली.

घरातून आवाज आला. सुमार्ताचाच.

"थोडा जास्त घाल गं. आठवडाभर उपाशी आहे तो."

"तुम्हीच तर बंद करायला लावलं होतं, ब्ली," ती लाडाने म्हणाली आणि आत गेली.

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला.

सुमार्ताला भयंकर भूक लागली होती. तो पानापुढे उकिडवा बसला.