सहाव्या माणसाची जागा

आमच्या नाटकात पाच माणसं, म्हणून तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पाच रंगांच्या चिकटपट्ट्या होत्या. कुणी कुठे उभं राहायचं ते टेपकाका आखून ठेवतात. पडद्यामागचं सगळं तेच बघतात आणि देवापेक्षा फूटपट्टीवर जास्त विश्वास ठेवतात. माझा रंग निळा. नाटक विनोदी, भूमिका मुख्य, आणि नऊ वर्षांनी मिळालेली.

नऊ वर्षं का, ते सांगायला हवं. माझ्या दादाने एका दुपारी तो जिथे नोकरी करायचा त्या मालकाच्या घरी जाऊन आधी चहा घेतला आणि मग मालकाला आणि त्याच्या बायकोला ठार मारलं. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'दुपारचा पाहुणा' ठेवलं. तो तुरुंगात गेला आणि मी पाहुण्याचा भाऊ झालो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं लोक माझ्यासमोर हळहळत म्हणायचे आणि काम दुसऱ्याला द्यायचे. त्यातून निभावलो तो आईमुळे. धाकटा त्या दुपारी घरी झोपला होता, असं तिने कोर्टात सांगितलं. आमच्या दिग्दर्शिका बाईंनी मला घेतलं तेही त्याच भरवशावर. "तू तिथे नव्हतास ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या होत्या.

सोमवारी मला सहावी पट्टी दिसली. तपकिरी. नेपथ्यातला दिवाणखाना म्हणजे एक लाकडी चौकट आणि एक सोफा. त्या चौकटीत, उंबरठ्याच्या जागी ती चिकटवलेली होती.

"काका, इथे कोण उभं राहणार?"

"कुणी नाही. माझ्याकडे तपकिरी पट्टीच नाही."

त्यांनी ती नखाने खरवडून काढली. तिच्या कडांना काळा मळ धरला होता, कितीतरी वर्षं तिच्यावर पाय पडत असावेत तसा. हॉल आम्ही शनिवारीच पुसला होता.

मंगळवारी ती एक पाऊल आत होती. काकांनी सगळ्यांना झापलं. "चेष्टाच करायची तर तिकीट लावून करा!" सगळे हसले, मीही हसलो. मग खाली वाकून नीट पाहिलं. बाकीच्यांच्या खुणा म्हणजे साध्या फुल्या. ही मात्र दोन चवड्यांसाठी दोन तुकड्यांची होती आणि डावा तुकडा तिरका होता. माझा डावा पाय लहानपणी मोडला, तेव्हापासून तो थोडा बाहेर वळतो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई भांडी पुसत होती.

"आई, त्या दिवशी मी घरी होतो ना?"

"सांगितलंय मी कोर्टात."

"कोर्टाचं नाही. मला सांग."

तिने ताटली पुसली, उलटी केली, पुन्हा पुसली. "जेवायला वाढू का?" म्हणाली.

तिने नऊ वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तेव्हा मीच सांगतो. मी होतो तिथे. दादाने बोलावलं म्हणून गेलो, दारात उभा राहिलो, आतले आवाज ऐकले आणि पळत सुटलो. दारात. फक्त दारात. मला त्याची लाज वाटते, पण दारातून आत गेलो नाही एवढ्याच आधारावर मी रात्री झोपतो.

बुधवारी पट्टी चार पावलं आत होती.

गुरुवारी ती सोफ्यामागे होती. काकांनी ती काढायचं सोडून दिलं होतं.

"जरा तिथून बोल बघू ते वाक्य," बाई म्हणाल्या.

"मला माझी निळी जागा बरी आहे, बाई."

"अरे, उजेड तिथे छान पडतोय. उभा तर राहा!"

नाही म्हणायला कारण लागतं. माझ्याकडे होतं ते सांगण्याजोगं नव्हतं.

मी चौकटीतून आत चालत गेलो. खाली न बघताही चवडे नेमके पट्टीवर टेकले.

पुढ्यात सोफ्यावर, माझ्याकडे पाठ करून, माझ्या आत्याची भूमिका करणारी नटी पत्र वाचत बसली होती. तिने मान खाली घातली होती. मानेवरचे बारीक केस दिसत होते.

माझं वाक्य मला आठवेना.

तेवढ्यात समोर बसलेले तिघे खो खो हसले. मला कळेना कशाला. मग मी माझ्या हाताकडे पाहिलं.

उजवा हात तिच्या डोक्याच्या वर उचललेला होता. मूठ आवळलेली, रिकामी. तरीही मनगटाला कशाचं तरी वजन लागत होतं, आणि ते किती असणार हे मनगटाला आधीपासून ठाऊक होतं.

"वा! हाताचं काय सुचलंय तुला!" डोळे पुसत बाई म्हणाल्या. "हेच पक्कं करू. पुन्हा एकदा घे, अगदी अस्संच."