बेरीज सोळा

"मनगट मुरगळलंय माझं… आणि तुम्ही विचारताय, झोप लागते का?"

काउंटरपलीकडे तो उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणारा; बाह्यांवर ग्रीसचे डाग आणि डोळ्यांत भलताच खट्याळपणा. आमच्या दवाखान्यात प्रत्येक पेशंटला नऊ प्रश्नांचा कागद भरावा लागतो — गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप उडाली, कशात मन लागलं नाही; प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. हा कागद वाटायचं काम माझं, रिसेप्शनिस्टचं.

अर्ध्या मिनिटात कागद परत. नऊच्या नऊ शून्यं!

"न वाचताच भरलात."

"कशावरून?"

"मीपण अशीच भरते," तोंडातून निसटलंच. स्टाफलाही दर सहा महिन्यांनी तो भरावा लागतो, आणि मी शून्यं ठोकून मोकळी व्हायचे.

"मग आता दोघं भरू… खरं खरं. बघू कोण जिंकतं!"

दुपारची बाकं रिकामी होती. मी हसत पेन उचललं. तिसऱ्या प्रश्नाला हसू मावळलं. झोप? पहाटे चारपासून टक्क जागी. भूक? आईने दिलेला डबा तसाच परत नेते… त्याची बेरीज तीन आली. माझी सोळा.

दहाच्या वर गेलेल्यांना मीच डॉक्टरांकडे पाठवते, "घाबरू नका" म्हणत. आता माझेच पाय उचलेनात. स्टाफ कुजबुजेल. आईला काय सांगू?

"थकवा असेल," मी कागद दुमडला. "तुमच्यासारखं कुणी रोज हसवायला आलं, तर जाईल."

"रोज येईन की!" तो लगेच म्हणाला. मग आवाज उतरला. "पण हसवणं वेगळं, बरं करणं वेगळं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी एकच सांगतो — दार ताणत बसू नका, घंटा वाजवा. आम्ही त्यासाठीच असतो."

मी उठले. दारावर टकटक केली. "डॉक्टर… आज पेशंट मी आहे."

इतका अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

बाहेर आले तेव्हा तो मनगट धरून बाकावर बसला होता. "माझा नंबर होता तो! सरळ मध्ये घुसलात."

मग समुपदेशन, गोळ्या, आणि बरेच वाईट दिवस. तो येत राहिला. वाईट दिवशी नुसता शेजारी बसायचा. सातव्या महिन्यात त्याने लग्नाचं विचारलं, आणि मी "हो" म्हटलं.

त्याच्या घरी त्याच्या आईने विचारलं, "कसे भेटलात गं?"

"ते… माझं मनगट…" तो मला सांभाळून घ्यायला गेला.

"मला डिप्रेशन होतं, काकू," मी मान वर करून म्हटलं. "मी मदत मागितली. उपचार अजून चालू आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"हे गेल्यापासून मलाही…" त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या डॉक्टरबाई मला बघतील का गं?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

"उद्या सकाळी दहाला. मी सोबत येते, आई."