निळ्या पेन्सिलीची सही

"डेस, दिवा नीट धर! माझ्या डोळ्यांवर नको, बोल्टवर!"

"धरलाय की! पण माझ्या कानात कोळी शिरतोय, त्याचं काय?"

"शिरू दे," गाडीच्या पलीकडून आयव्हर म्हणाला. "आत भरपूर मोकळी जागा आहे!"

लॉर्ना पार्जेटर तेरा वर्षांची, डेस तिचा दहा वर्षांचा भाऊ, आणि आयव्हर हा हॅन्बी गावातल्या गॅरेजवाल्या बॅग्लींचा मुलगा. लॉर्ना आणि डेस सुट्टीत लेस्टरहून आजोबांकडे आले होते, आणि गेले आठ दिवस तिघं त्यांच्या शेडमध्ये तेलानं माखून निघत होते. आजोबा रोज सकाळी भांडी धुतलेलं पाणी बादलीत घेऊन भाजीच्या वाफ्यांवर जायचे. त्या उन्हाळ्यात पावसानं दडीच मारली होती, आणि घेवड्याच्या वेलांपुढे आजोबांना नातवंडं दिसतच नव्हती. त्यांची पाठ वळली की हे तिघं शेडमध्ये हजर!

शेडमध्ये होती एक बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी. सुटे भाग पेट्यांमधून विकत आणायचे आणि घरीच जोडायचे, तसल्या गाड्यांपैकी. लॉर्नाच्या बाबांनी, कॉलिननी, ती विसाव्या वर्षी जोडायला घेतली आणि अर्ध्यातच सोडली. सांगाडा होता, इंजिन होतं, चाकं होती. बॉनेट, सीट आणि दिव्यांच्या वायरी मात्र अजून पेट्यांमध्येच होत्या. वर सोळा वर्षांची धूळ! शनिवारी टब नावाचे भंगारवाले ती उचलून नेणार होते. आजोबांनी कुणालाही न विचारता तसं ठरवूनच टाकलं होतं.

लॉर्नाला ते कसं चालेल? बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातची एवढी एकच वस्तू या जगात उरली होती. या गाडीनंतर त्यांनी पाना कधी हातात धरलाच नाही. घरातला साधा नळ गळाला तरी ते हसून म्हणायचे, "मला नका सांगू रे. माझ्या हातालाच खोट आहे. हॅन्बीत कुणालाही विचारा!"

विचारायची गरजच पडली नाही. पहिल्याच दिवशी पोस्टातल्या ओपनशॉबाईंनी सगळं ऐकवलं. "कॉलिनची पोरं ना तुम्ही? अगं, त्यानं स्टिअरिंगच उलटं बसवलं होतं! डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे! रविवारी चॅपलमधली प्रार्थना सुटली, सगळं गाव बाहेर उभं, आणि हा सीटऐवजी खोक्यावर बसून थेट भिंतीवर! विल्फ्रेडनं, तुमच्या आजोबांनी, त्याला असा झाडला म्हणतेस! दुसऱ्या दिवशी पोरगा गाव सोडून गेला तो गेलाच." एवढं सांगून बाई पोट धरून हसल्या. लॉर्नाला इतका राग आला, की तिकिटं तिथेच विसरून ती चालती झाली.

पण आज दिव्याच्या उजेडात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. स्टिअरिंग ज्या दातेरी पट्टीवर फिरतं तो रॅक खरंच पालथा बसवलेला होता.

"खरंच की," ती हळूच म्हणाली. "बाबा चुकलेच होते."

"जाऊ दे ना," आयव्हर म्हणाला. "आपण काढू आणि सुलटा करू. नट कुठायत?"

डेसनं फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली ओतला. नटांबरोबर तेलकट घडीचा एक कागद पडला. वर मथळा होता, 'गाडी सुटी कशी करावी.'

"सुटी? आपल्याला जोडायची आहे!" डेस म्हणाला. "कंपनी वेडी होती का?"

"वेडी कसली, बेरकी!" आयव्हर खूश झाला. "जोडायची कृती दिली, तर सरकार ती अख्खी गाडी धरून कर लावायचं. म्हणून कंपनी सुटी करायची कृती द्यायची आणि घेणारे ती खालून वर वाचायचे. आमचे बाबा अजून सांगतात!"

लॉर्नानं बोट फिरवत नववी ओळ काढली. 'बोल्ट काढा. रॅक पालथा करा. बाहेर ओढा.'

"म्हणजे बसवताना पालथा आत सरकवायचा, मग सुलटा करायचा आणि मग बोल्ट," ती पुटपुटली.

ओळीशेजारी बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सुलटा केला. बोल्ट घट्ट. ११ जून.' अक्षर बाबांचं! आणि त्याच्याखाली जाड निळ्या पेन्सिलीनं, 'कागदावर पालथा आहे! उलटवला. तपासलं. डब्ल्यू. पी. १२ जून.'

डब्ल्यू. पी. म्हणजे विल्फ्रेड पार्जेटर, आजोबाच! तीस वर्षं त्यांनी रेल्वेचे सिग्नल तपासले होते. काहीही तपासलं की निळ्या पेन्सिलीनं सही आणि तारीख टाकायची सवय हाडीमाशी खिळलेली. स्वयंपाकघरातल्या मुरंब्याच्या बरण्यासुद्धा त्यातून सुटल्या नव्हत्या!

"म्हणजे आजोबांनी कागद वरून खाली वाचला," डेस म्हणाला. "आणि बाबांनी बरोबर बसवलेला रॅक..."

"आजोबांना माहीतच नसेल," लॉर्ना म्हणाली. "शनिवारी आपण सगळ्यांसमोर दाखवू!"

मग काय, तिघांनी जेवणाखाण्याचीही पर्वा केली नाही. रॅक सुलटा झाला, वायरी जोडल्या, बॉनेट चढलं. बॅग्लींनी एक जुनी बॅटरी दिली, ब्रेक तपासून दिले आणि "मी काही पाहिलं नाही हं!" म्हणून निघून गेले.

शनिवारी टब अर्धा तास आधीच ट्रक घेऊन दारात! डेसनं त्यांना ओट्यावर बसवलं, केकचे चार तुकडे चारले, आणि ट्रकच्या प्रत्येक चाकाबद्दल तीन-तीन प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तेवढ्यात शेडमधून इंजिन खोकललं, थांबलं आणि मग दणक्यात सुरू झालं!

शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. आजोबा हातात बादली घेऊन धावत आले आणि जागीच थबकले.

"अरे देवा, तीच गाडी!" ओपनशॉबाई म्हणाल्या. "भिंतीपासून जपा गं!"

"बाबांनी रॅक बरोबर बसवला होता!" लॉर्ना ओरडलीच. तिनं कागद आजोबांपुढे धरला. "हे बघा! तुमचीच सही आहे. तुम्हाला माहीत नव्हतं ना, आजोबा?"

आजोबांनी कागद हातात घेतला नाही. बादली खाली ठेवली. "मला माहीत होतं, बाळ," ते म्हणाले. "गाडी भिंतीवर आदळली त्याच संध्याकाळी कागद पुन्हा वाचला तेव्हा कळलं. तो वर सामान भरत होता. मी जिन्यापर्यंत गेलो."

"मग?"

"मग परत फिरलो. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी तो गेला होता. पत्र लिहायला बसायचो, तो होता तोवर चौदा वर्षं बसायचो." त्यांनी कुंपणाकडे तोंड केलं आणि आवाज चढवला. "ऐका सगळे! चूक माझी होती. माझ्या पोरानं काम चोख केलं होतं!"

ओपनशॉबाईंनी मान खाली घातली. टब म्हणाले, "ही गाडी मी नेणार नाही बुवा," आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. बॅग्ली म्हणाले, "शाब्बास पोरांनो! माझ्या कामगारांनासुद्धा हे जमलं नसतं. लॉर्ना, तुझे हात अगदी कॉलिनचे आहेत बघ!"

या शाबासकीसाठी इतके दिवस ती राबली होती, आणि आता तिला ती नकोशी झाली. "हे तुम्ही बाबांना सांगायला हवं होतं," ती आजोबांना म्हणाली.

"हो," आजोबा म्हणाले.

डेस आणि आयव्हर गाडीत चढून हॉर्न वाजवू लागले. लॉर्ना घरात गेली आणि तिनं आईला लेस्टरला फोन लावला.

"आई, बाबांचं चुकलं नव्हतं! त्यांनी रॅक सुलटाच बसवला होता! आजोबांनी उलटा केला. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं!"

पलीकडे आईनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लग्न झालं तेव्हा तो हेच म्हणायचा गं," आई म्हणाली. "'मी सुलटाच बसवला होता, शपथ.' पुन्हा पुन्हा सांगायचा. मग म्हणायला लागला, कदाचित माझंच चुकलं असेल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, असेल चुकलं, कॉलिन. सोड आता तो विषय."