जोडापासून दोन मिलिमीटर

पोलादाचा तुकडा तपासायचा म्हणजे आधी तो आरशासारखा घासायचा. खरखरीत ते गुळगुळीत असे पाच कागद, मग मखमल, मग दोन थेंब आम्ल. आम्लाने कणांच्या कडा उघड्या पडतात आणि मायक्रोस्कोपखाली पोलाद फरशी घातल्यासारखं दिसतं. फरशी बारीक असेल तर पोलाद चिवट, मोठी असेल तर ठिसूळ. आमच्या कारखान्यात हे काम माझं. भट्टीही माझीच.

सोमवारी घासत होतो तो तुकडा फुटलेल्या टाकीचा होता. तिचं वेल्डिंग माझ्या थोरल्या भावाने केलं होतं आणि चाचणीच्या वेळी तिच्याजवळ तोच उभा होता. दादाला जाऊन दोन आठवडे झाले होते. मला अजून रडू आलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "जोडालगतच कण मोठे असतील तर वेल्डरने आच जास्त दिली. सगळीकडे मोठे असतील तर भट्टीची चूक. शुक्रवारी सांग."

भट्टीचं मला ठाऊक होतं. वेल्डिंगनंतर टाकी सहाशे अंशांवर तासभर ठेवायची असते. या टाकीच्या वेळी मी आकडा न बघता बटण फिरवलं आणि कॅन्टीनमध्ये गप्पा छाटत बसलो. परत आलो तेव्हा काटा हजारावर होता आणि चार तास उलटले होते. वहीत मी सहाशे आणि एक तास असं लिहिलं आणि अळीमिळी गुपचिळी.

पण मायक्रोस्कोपखाली मोठे कण फक्त जोडाला लागून, दोन मिलिमीटरच्या पट्टीत होते. पलीकडे सगळं बारीक. असं असायला नको होतं. मला हायसं वाटलं. याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. फोटो काढून मी तुकडा खणात ठेवला.

मंगळवारी पट्टी चार मिलिमीटर झाली होती. थंड पोलादात कण वाढत नाहीत. मोजताना चुकलो असेन म्हणून पुन्हा घासून पाहिलं. चारच.

बुधवारी नऊ. तुकडा हातात धरला. गार होता.

गुरुवारी बारीक कण एका कोपऱ्यात नखाएवढे उरले होते.

शुक्रवारी मायक्रोस्कोप लागलाच नाही. कण नुसत्या डोळ्यांना दिसत होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मी सोमवारचा फोटो लावून अहवाल दिला. वेल्डरची चूक. साहेबांनी सही केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सख्खा भाऊ असून खरं लिहिलंस."

दुपारी वहिनी दादाचे कामाचे कपडे न्यायला आल्या. मी त्यांना अहवालाचं सांगितलं.

"ह्यांचा हात जड आहे असं कधी कुणी म्हणालं नाही," त्या म्हणाल्या. "मी शिंप्यासारखं शिवतो, म्हणायचे."

"चूक कुणाचीही होते, वहिनी."

"हो." त्या बाकावर बसून कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. "भावजी, मला त्यातलं काही कळत नाही, पण विचारायला सांगितलंय. भट्टी बंद केलीत का?"

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"केली," मी म्हणालो. "तेव्हाच केली."

त्यांनी मान वळवून बाकावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे बघितलं.

"नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "अजून फार उकडतंय म्हणतात."