मोतद्दाराची कबुली

मोतद्दाराची मुलगी आली तेव्हा भावोजी खिडकीत बसून धुक्याकडे बघत होते. नदीवरून आलेलं ते धुकं तीन दिवस शहरात मुक्काम ठोकून होतं. समोरची इमारत कधी असायची, कधी नसायची. भावोजींची चाळीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. आता कुठली रेघ नक्की कुठं आहे हे सांगायची जबाबदारी आपल्यावर नाही, याचंच त्यांना मोठं सुख वाटत होतं.

वहिनींना धुकं आवडत नसे. त्या खासगी तपासाची कामं घेत. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला टिपणं घ्यायला हाताशी धरलं होतं, आणि "भावोजी, टिपणं घेताय की स्वप्नं बघताय?" असं त्या आठवड्यातून दोनदा तरी विचारत.

मुलगी तिशीची होती. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

"माझे बाबा घोडेस्वारीच्या शाळेत मोतद्दार होते. सव्वीस वर्षं त्यांनी घोड्यांची निगा राखली. आठ दिवसांपूर्वी त्यांना काढून टाकलं."

"का?"

मुलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पांढऱ्या घोडीवरून. म्हणजे... घोडीच्या बाबतीत. तसलं काहीतरी."

"तसलं म्हणजे?"

मुलीनं ते सोडून बाकीचं एका दमात सांगून टाकलं. न्हावी बाबांची दाढी करत नाही. शेजारणीनं मधल्या भिंतीतलं दार बंद करून टाकलं. सासूबाईंनी बजावलंय की नात आजोबांकडे जायची नाही. आणि परवा सकाळी त्या घोडीला इंजेक्शन देऊन मारणार आहेत.

"बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, माझ्या हातून घडलं." तिनं वर पाहिलं. "बाई, खरं काय ते मला कळू दे. माझी पोर पाच वर्षांची आहे. तिला आजोबांच्या मांडीवर बसू द्यायचं की नाही, एवढंच मला सांगा."

ती गेल्यावर वहिनींनी वही ओढून घेतली. "आरोप" या शब्दापुढे भावोजींनी नुसती एक लांब रेघ मारली होती.

"ही रेघ कसली?"

भावोजींचे कान लाल झाले. "वहिनी, तुम्हाला कळलंय ना. लिहायला कशाला हवं?"

"मला काहीच कळलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "चपला घाला."

*

शाळा नदीकाठी होती. धुक्यात तबेल्याचं छप्पर तेवढं तरंगत होतं. घोड्यांचे श्वास आधी दिसायचे, घोडे मागून. भावोजींना वाटलं, आपण अजून आपल्या खिडकीतच आहोत आणि हे सगळं समोरच्या इमारतीच्या जागी उगवलंय.

मालकीणबाई उंच आणि करड्या होत्या. कचेरीत बसवून त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मुलीनं तुम्हाला पाठवलं ते ठीक आहे. पण यात शोधण्यासारखं काही नाही. त्यानं स्वतः कबूल केलं. माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, 'माझ्या हातून घडलं, द्याल ती शिक्षा घेईन.'"

"तुम्ही त्यांना विचारलं काय होतं?"

"विचारायचं काय? मी म्हटलं, घोड्यांच्या डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय, आता तुझं काय म्हणणं आहे?"

"आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

मालकीणबाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी घोड्यांची वही पुढे सरकवली. पांढऱ्या घोडीच्या पानावर डॉक्टरांचं सुबक अक्षर होतं. वहिनी वाचत गेल्या, भावोजी उतरवून घेत गेले. चार महिन्यांपूर्वी: गाभण राहण्यासाठी घोडा दाखवला. दोन महिन्यांपूर्वी: तपासली, रिकामी. मग या महिन्यात, एक दिवसाआड, तीन नोंदी: माजावर येण्यासाठी इंजेक्शन. आणि आठ दिवसांपूर्वीची शेवटची: मागील भागास इजा. कारण लिहिण्याजोगे नाही.

"हे वाचून तुम्ही डॉक्टरांना कारण विचारलंत?"

"अहो, काहीतरीच काय!" मालकीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "एका पुरुषाशी मी तसलं बोलू? ते बिचारे मान खाली घालून उभे होते. म्हणाले, 'बाईसाहेब, घोडीला ठेवू नका, मारून जाळून टाका, विषय मिटेल.' ते खरंच आहे. आईबाप आता मुलांना तिच्यावर बसवत नाहीत. सगळ्या तबेल्याकडेच लोक कसे बघतात!"

"घोडीचा काय दोष?"

मालकीणबाईंनी वही मिटली.

*

लीद काढणारी मावशी खराटा हातात घेऊनच बोलत होती. डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच.

"मी नाही हो कुणाचं वाईट चिंतत. पण पाहिलं ते पाहिलं. उजाडायच्या बेताला आले, तर घोडीच्या खणाला आतून कडी. मी फटीतून डोळा लावला. अंगात सदरा नाही! मागचे पाय दोरीनं बांधलेले. आणि शेपूट... शेपटीला स्वच्छ पांढरी पट्टी गुंडाळून वर बांधलेली. सांगा आता!"

"आणखी काय होतं तिथं?"

"बादली होती. साबण होता. उजवा हात खांद्यापर्यंत ओला, चकाकत होता."

"डावा?"

मावशी थबकली. "डावा कोरडा होता. त्यानं तो घोडीच्या पाठीवर ठेवला होता."

"काही बोलत होते?"

"तेच तर! 'झालं गं बाई, झालं, आता झालं,' असं. आणि रडत होता. मी तिथून जी पळाले, ती थेट बाईसाहेबांपुढे."

"बाईसाहेबांना काय सांगितलंत?"

"सांगायला माझी जीभ रेटली असती का? नुसतं म्हटलं, मोतद्दार घोडीच्या खणात उघडा आहे. तेवढ्यात डॉक्टरही आले, आत गेले, आणि बाहेर येऊन वहीत लिहिलं. मग सगळ्यांना कळलंच."

भावोजींना कुठं बघावं कळेना. ते खणापाशी गेले. पांढरी घोडी धुक्यातच विरघळल्यासारखी उभी होती. चारा समोर होता, पण तिचं तोंड मागच्या कुंपणापलीकडच्या झाडाकडे होतं. त्या झाडाच्या दिशेनं ती मधूनच हळू खिंकाळत होती.

"भावोजी, तिच्या झुलीकडे बघा," वहिनी मागून म्हणाल्या.

दांडीवरच्या लोकरी झुलीचा एक चौकोन कात्रीनं कापून नेलेला होता.

"उंदीर असेल," भावोजी म्हणाले.

"कात्री चालवणारा उंदीर मी तरी पाहिला नाही."

*

डॉक्टर पन्नाशीचे, गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ होते. दवाखान्यात त्यांनी दोघांना बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही बाईमाणूस. या प्रकरणात तुम्ही न पडलेलं बरं."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"जे लिहिण्याजोगं नाही, ते बोलण्याजोगंही नसतं."

"घोडीला दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दाखवायला हरकत नाही ना?"

डॉक्टरांनी हातातली काचेची पिचकारी ट्रेमध्ये ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "काय गरज? हवं तर मी उद्याच उरकून टाकतो. परवापर्यंत तरी कशाला थांबायचं?"

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "सभ्य माणूस आहे. त्यानं एक शब्द वावगा काढला नाही."

"नाही ना?" वहिनी म्हणाल्या. "तेच मला खुपतंय. मावशीनं शब्द काढला नाही, मालकीणबाईंनी नाही, मुलीनं नाही, तुम्ही तर वहीत रेघ मारलीत. मग गावभर पसरलं ते काय?"

मोतद्दाराची खोली एका बोळाच्या टोकाला होती. आठ दिवसांच्या दाढीतला तो म्हातारा त्यांना बघून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"मामा, मी तुमच्या लेकीकडून आले," वहिनी म्हणाल्या.

"तिला म्हणावं, माझ्या हातून घडलं. मी नाकबूल होत नाही. फक्त घोडीला मारू नका. तिनं आधीच पुष्कळ भोगलंय."

भावोजींना वाटलं, संपलं सगळं. आता त्या मुलीला काय सांगायचं?

वहिनींनी मात्र भलताच प्रश्न विचारला. "मामा, खड्डा किती खोल खणलात?"

म्हाताऱ्यानं चमकून वर पाहिलं. मग कोपराला हात लावून दाखवला. "हातभर. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला."

"डॉक्टरांनी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं?"

"म्हणाले, तू बोलू नकोस, मी सांभाळून लिहितो. देवमाणूस आहे. आणि बाईसाहेबांनीही मोठ्या मनानं पोलिसांत नाही दिलं."

बोळातून परतताना भावोजींनी तीनदा विचारलं, कसला खड्डा? वहिनींनी तिन्ही वेळा पुढच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना कसं आणि किती वाजता घेऊन यायचं, तेवढंच सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कचेरीत सगळे जमले. मालकीणबाई, डॉक्टर, खराट्यासकट मावशी, मोतद्दाराची मुलगी, आणि दाराबाहेर, उंबऱ्यापलीकडे, खुद्द मोतद्दार. धुकं उघड्या दारातून आत येऊन टेबलाखाली बसलं होतं. भावोजी वही उघडून सज्ज होते.

"या प्रकरणात सगळ्यांनी सगळं पाहिलं आणि कुणीच काही विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मावशी, तुम्ही दोरी, साबण, उघडं अंग पाहिलंत. पण एकच हात खांद्यापर्यंत ओला का? शेपटीला धुतलेली पट्टी का? जनावर अडलं की मोतद्दार हेच करतो. शेपूट बांधून बाजूला घेतो, लाथ बसू नये म्हणून पाय बांधतो, सदरा काढतो, साबण लावून एक हात आत घालतो आणि दुसऱ्यानं तिला थोपटत राहतो. त्या पहाटे मामा सुईणीचं काम करत होते."

"पण घोडी रिकामी होती!" मालकीणबाई म्हणाल्या. "वहीत आहे."

"वहीत डॉक्टरांची चूक आहे. चार महिन्यांपूर्वी घोडा दाखवला, आणि ती गाभण राहिली. यांनी रिकामी ठरवली. मग माजावर आणायला एक दिवसाआड तीन इंजेक्शनं दिली. गाभण घोडीला ती दिली तर काय होतं, ते मी काल एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आज सकाळी घोडी तपासली. ती आठ-नऊ दिवसांपूर्वी गर्भ पडून गाभडली आहे. झुलीचा कापलेला तुकडा झाडाखाली दगडाच्या खाली आहे. त्यात मांजराएवढं शिंगरू गुंडाळलंय. घोडी तिकडेच तोंड करून उभी असते."

मावशीच्या हातून खराटा खाली पडला.

"डॉक्टर त्या पहाटे खणात गेले आणि आपली चूक त्यांना कळली. मामांनीच मला आज सांगितलं, की डॉक्टर त्यांना म्हणाले, तू परवा घोडी दौडवलीस म्हणून हे झालं. मामांनी ते खरं मानलं. माझ्या हातून घडलं म्हणाले, ते त्या शिंगराबद्दल. आणि बाईसाहेब, तुम्ही ऐकलंत ते भलतंच. घोडी जिवंत राहिली तर कधी तरी कुणी तरी तिला तपासणार, म्हणून जाळायची घाई."

डॉक्टर ताडकन उठले. "मी कुणावर काही आरोप केला? दाखवा! वहीत एक शब्द तरी आहे का?"

"नाही. तुम्ही जागा मोकळी ठेवलीत. ती कशानं भरेल हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि भरल्यावर तिकडे कुणी वळून बघणार नाही हेही ठाऊक होतं." वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तसं खरंच झालं असतं, तर तो त्या मुक्या जिवावरचा अत्याचार होता. तिला नाही म्हणता येत नाही. मग तर आधी धावून तिला तपासायला हवं होतं! तुम्हा कुणाला घोडीची काळजी नव्हती, तुम्हाला फक्त तोंडं फिरवायची होती."

डॉक्टर निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. मालकीणबाई उठल्या, दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मोतद्दार, आमचं चुकलं. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

भावोजींना आत्ता उमगलं की या माणसाला आपल्यावर आळ कसला होता, हेच आठ दिवस माहीत नव्हतं. न्हाव्यानं परत पाठवलं, शेजारणीनं दार लावलं, ते सगळं एका मेलेल्या शिंगरापायी, असंच तो धरून चालला होता.

"वहिनी, नका सांगू," भावोजी पुटपुटले.

वहिनी उंबरा ओलांडून त्याच्याजवळ गेल्या. "मामा, यांना वाटलं की तुमचा त्या घोडीशी शरीरसंबंध होता."

म्हाताऱ्याला ते कळायला वेळ लागला. त्यानं मालकीणबाईंकडे पाहिलं. मावशीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. त्यानं तिला काही विचारलं नाही.

"उद्यापासून कामावर या," मालकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आजपासूनच या."

तो वळला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं तबेल्याकडे चालू लागला. मुलगी मागोमाग धावली. भावोजीही गेले, त्यांना राहवलं नाही.

घोडीनं त्याला पाहिलं मात्र, खणाच्या फळीवरून मान लांब केली आणि नाकपुड्या फुलवल्या. म्हाताऱ्याचा हात तिच्या मानेकडे उचलला गेला. मग तो मध्येच थांबला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कोण कोण बघतंय ते पाहिलं, आणि हात खिशात घातला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "बादली रिकामी आहे. तिला पाणी द्यायला हवं."

"तू दे," तो म्हणाला. "कसं द्यायचं ते मी इथून सांगतो."